ओढणे आणि पेलणे

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेला रस्ता वैशाखऱ्याच्या परिसरात पोहोचला, की सह्याद्रीच्या उभ्या भिंतीत नाणेघाटाची खिंड दृष्टीस पडते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून जुन्नरच्या पठारावर नेणारे तांडे याच खिंडीने चढत असत. तेथील लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे, ज्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची जकात जमा होत असे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. आम्हां आंबिवलीकरांना हा मुलूख परका नाही. टिटवाळ्यावरून गोवेलीला गेले, की मुरबाडचा रस्ता लागतो, आणि काळू व उल्हास या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यातून बंदर आणि पठार यांच्यामधली वर्दळ किती शतके चालत आली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या तांड्यांबरोबर केवळ माल नसे. चूल असे, अंथरूण असे, लेकरे असत, आणि जेथे सूर्य मावळे तेथे संसार मांडला जाई. प्रवास आणि गृहस्थी यांची फारकत पुढे झाली, आणि आमच्या भागापुरते बोलायचे, तर त्या फारकतीचा आरंभ १८५४ या वर्षापासून मोजता येईल. कारण त्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला, आणि मनुष्याने घर मागे ठेवून, एक ट्रंक व एक वळकटी घेऊन, तिकिटावर छापलेल्या मुक्कामाला जावे, हा नवा शिरस्ता रूढ झाला.

सबंध घर बरोबर घेऊन हौसेने प्रवासाला निघणारे कुटुंब मी प्रथम जवळून पाहिले ते शिकागोच्या पश्चिमेकडील नेपरव्हिल या उपनगरात, आणि ते कुटुंब माझ्या मुलीचे होते. आम्ही उभयता उन्हाळ्यासाठी तिच्याकडे गेलो, तेव्हा ट्रेलर घेण्याचा विचार पक्का झालेला होता. तिकडे 'ट्रेलर' म्हणजे आपल्याकडचा मालवाहू सांगाडा नव्हे. तो मोटारीच्या मागे जोडून न्यायचा, चाकांवर बसवलेला एक निवारा असतो. त्यात निजण्याची जागा, दोन शेगड्यांचा ओटा, शीतकपाट, स्नानगृह, पाण्याची टाकी आणि गॅसच्या नळकांड्या असा सगळा सरंजाम असतो. लहान मुलांना घेऊन दूरच्या अरण्यांत आणि सरोवरांकाठी जावे, परंतु अन्न घरचे असावे, अंथरूण आपले असावे, आणि वृद्ध आईबापांना रोज नव्या खोलीच्या जिन्यांची चढउतार पडू नये, ही त्यामागची इच्छा होती. मला ती फार सात्त्विक वाटली, आणि म्हणून खरेदीच्या प्रत्येक टप्प्यात मी उत्सुकतेने सहभागी झालो.

शिकागोपासून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे गाव आहे, आणि अमेरिकेत बांधल्या जाणाऱ्या अशा चाकांवरच्या घरांपैकी फार मोठा हिस्सा या गावात आणि आसपासच्या परगण्यांत तयार होतो. या उद्योगात काम करणाऱ्या कारागिरांमध्ये आमिश पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. हा पंथ मोटार बाळगत नाही. त्याची माणसे घोड्याच्या काळ्या बग्गीतून ये-जा करतात, आणि मोटारीमागे धावणाऱ्या घरांची लाकडी अंगे मात्र त्यांच्या हातांनी सांधली जातात. रस्त्याच्या कडेने शांतपणे चाललेली अशी एक बग्गी आणि तिला आदराने वळसा घालून पुढे जाणारा एक भलामोठा ट्रेलर एकाच दृष्टिक्षेपात दिसला, तेव्हा हस्तकौशल्य आणि उपभोग यांचे नाते किती विचित्र वाटांनी जुळते, याचा प्रत्यय आला.

तेथेच महामार्गालगत या वाहनांचे एक संग्रहालय आहे. त्यात १९१३ साली बांधलेला 'अर्ल' नावाचा ट्रेलर, फोर्डच्या जुन्या मॉडेल-टी गाडीमागे जोडलेल्या अवस्थेत, मी कितीतरी वेळ पाहत उभा राहिलो. आतून तो एखाद्या आगबोटीच्या खोलीइतका नेटका आहे. दोन बाके, मध्ये मेज, आणि रात्री त्याचाच पलंग. ही कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश नौदल-वैद्याने १८८५ मध्ये इंग्लंडात 'वाँडरर' नावाची प्रशस्त गाडी केवळ भटकंतीसाठी बांधून घेतली होती, आणि ती घोड्यांच्या जोडीने ओढली जात असे. पुढे १९५९ मध्ये वॉली बायम या ट्रेलर-कारखानदाराने केपटाउनहून कैरोपर्यंत अशा घरांचा सबंध काफिला आफ्रिका खंडातून नेला. ही सारी माणसे हौशी खरी, परंतु त्यांच्या हौसेला एक कठोर शिस्त होती. आपण काय बरोबर नेत आहोत आणि त्याचे वजन किती, याचे भान त्यांना प्रत्येक चढावर ठेवावे लागले असले पाहिजे.

विक्रीच्या पटांगणात आमचे मन प्रथम जडले ते एका मोठ्या, दुहेरी आसाच्या ट्रेलरवर. त्यात मुलांसाठी एकावर एक अशा निजण्याच्या फळ्या होत्या, आम्हां वृद्धांसाठी स्वतंत्र कोनाडा होता, आणि एक भिंत यंत्राने बाहेर सरकून बैठकीची जागा दुप्पट होत असे. माझ्या पत्नीने ओट्याजवळ उभे राहून कुकर कुठे राहील, पोळपाट कुठे मावेल, याचा मनोमन आराखडा केला. नातवंडांनी फळ्यांची वाटणीसुद्धा करून टाकली. जावयांची एसयूव्ही ७,५०० पौंड, म्हणजे सुमारे ३,४०० किलो, ओढू शकते, अशी निर्मात्याची ग्वाही होती. आणि हा ट्रेलर पूर्ण भरला तरी ६,००० पौंडांच्या वर जाणार नव्हता. शिल्लक १,५०० पौंडांची. याहून निर्धोक व्यवहार तो कोणता, असे कोणालाही वाटले असते, आणि विक्रेत्यानेही तसेच सांगितले.

जावई मात्र गाडीपाशी गेले, चालकाच्या बाजूचे दार उघडले, आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या एका लहानशा पिवळ्या-पांढऱ्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबा, खरा आकडा हा आहे." त्या पट्टीवर लिहिले होते, की बसणारी माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन १,४०० पौंडांहून अधिक असता कामा नये. गाडी किती ओढू शकते, ही एक गोष्ट. आणि ती आपल्या पाठीवर किती पेलू शकते, ही सर्वस्वी निराळी गोष्ट. ट्रेलर मागे चालत असला, तरी त्याचा पुढचा दांडा गाडीच्या मागील अंगावर टेकलेला असतो, आणि त्या दांड्यातून ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग गाडीवर उतरलाच पाहिजे; तो उतरला नाही, तर ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहत नाही. म्हणजे जो भार आपण मागे सोडला असे आपल्याला वाटते, त्याचा एक हिस्सा आपल्याच खांद्यावर असतो.

त्या सायंकाळी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या मेजावर आम्ही जो हिशेब मांडला, तो मला अजून तोंडपाठ आहे. दोन मुलांसह आम्हां सहा जणांचे वजन ७१० पौंड. मोठ्या ट्रेलरचे भरलेले वजन ६,००० पौंड. त्याचे बारा टक्के धरले, तरी दांड्याचा भार ७२० पौंड. दोहोंची बेरीज १,४३०. अजून जोडणीच्या लोखंडी हिचचे सुमारे ८० पौंड धरायचे होते, मुलांची दप्तरे, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, माझी औषधांची पेटी यांतले काहीच मोजले नव्हते, आणि १,४०० ची हद्द ओलांडली गेली होती. ओढण्याच्या खात्यात १,५०० पौंडांची शिल्लक आणि पेलण्याच्या खात्यात तूट, हे दोन्ही एकाच गाडीच्या नावावर एकाच वेळी खरे होते. आयुष्यभर मी असे गृहस्थ पाहिले आहेत, ज्यांच्या मिळकतीचे आकडे मोठे होते आणि तरीही ज्यांचे घर कोणत्या तरी एका न मोजलेल्या भाराखाली वाकले. परंतु तो भार इतक्या स्वच्छ अंकांत लिहिलेला मी प्रथमच पाहिला.

मोठा ट्रेलर सोडून देण्याचा निर्णय सर्वांत आधी माझ्या मुलीने उच्चारला, आणि मला तिचा अभिमान वाटला. कारण त्या बैठकीच्या खोलीवर तिचेच मन अधिक बसले होते. आम्ही जो निवडला, तो एकाच आसाचा, सरकती भिंत नसलेला, रिकाम्या स्थितीत ३,००० पौंडांच्या आसपासचा आणि पूर्ण भरल्यावर ४,००० पौंडांची मर्यादा असलेला. दांड्याचा भार ४८० पौंड. माणसे आणि हिच धरून १,२७०. उरले १३० पौंड, म्हणजे जेमतेम एकोणसाठ किलो. या लहान ट्रेलरमध्ये सहा माणसे निजणार नाहीत, हे उघड होते. म्हणून जावई आणि मोठा नातू बाहेर तंबूत झोपतील असे ठरले, आणि नातवाला तर ही बातमी ट्रेलरहूनही अधिक प्रिय झाली. खरेदीच्या वेळी मनुष्य भिंती, पडदे आणि गाद्या पाहतो. आसाची क्षमता, टायरांवरचा भार आणि दारावरची पट्टी यांकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण त्या वस्तूंत सौंदर्य नसते. तथापि घर जेव्हा रस्त्यावर येते, तेव्हा त्याचे रक्षण करणाऱ्या वस्तू त्याच असतात, आणि पहिला ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निवडीचा आरंभ त्या पट्टीपासून करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

घर दारात आल्यानंतर ते भरण्याचा प्रसंग आला, आणि तेथे माझ्या बालपणीचे ज्ञान उपयोगी पडले. भाताचे भारे बैलगाडीत रचताना गाडीवान ओझे किंचित पुढे ठेवीत; गाडी धुरजड झाली, तर बैलांच्या मानेवर जाच येई, आणि उलाळ झाली, तर जू वर उचलून बैलांचा गळफास होण्याची भीती असे. ट्रेलरचा न्यायही नेमका हाच आहे. जड वस्तू खाली, आसाच्या वर किंवा त्याच्या किंचित पुढे; मागच्या टोकाला काहीही जड नको. मागचा भाग जड झाला, की दांड्याचा भार हलका होतो, आणि वेगात असताना ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. हे डोलणे वाढत गेले, तर ते गाडीलाही बरोबर घेऊन जाते. पाण्याचा विचार तर स्वतंत्रपणे करावा लागला. तीस गॅलनची टाकी भरली, की तिचे वजन २५० पौंड होते, आणि टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, यावर दांड्याचा भार वाढेल की घटेल, हे अवलंबून असते. म्हणून आम्ही टाकी घरी न भरता मुक्कामाजवळ भरण्याचे ठरवले. लोखंडी तवा, पाटा-वरवंटा घेण्याचा माझ्या पत्नीचा आग्रह, तांदळाची पोती, मुलांची पुस्तके, या प्रत्येक वस्तूने तराजूवर पाय ठेवला; वरवंटा मागे राहिला, तवा बरोबर आला, आणि थालीपिठाच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

जोडणीची क्रिया मी प्रत्येक वेळी पूजेसारख्या एकाग्रतेने होताना पाहिली. गाडीच्या मागे बसवलेल्या गोळ्यावर दांड्याचे तोंड अलगद उतरवायचे, खिट्टी लावायची, मग तोच दांडा जॅकने थोडा वर उचलून खरोखर पकडला गेला आहे की नाही, हे पाहायचे. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे जोड निसटला, तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. दिव्यांची आणि ब्रेकची तार जोडायची. आणि शेवटी एक बारीक पोलादी दोरी, जिचे काम कधीही पडू नये अशी प्रार्थना करावी: ट्रेलर सर्वस्वी सुटलाच, तर ती दोरी एक खीळ उपसते, आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीच्या बळावर स्वतःचे ब्रेक लावून थांबतो. वजन विभागणारे पोलादी दांडे आम्ही लावले होते. मागच्या चाकांवर पडलेला भार ते काही अंशी पुढच्या चाकांकडे परत नेतात, आणि सुकाणू हलके पडू देत नाहीत. परंतु दारावरच्या पट्टीवरील आकडा त्यांनी वाढत नाही, ही गोष्ट जावयांनी सर्वांना बजावून सांगितली.

प्रथम एका रविवारी शाळेच्या रिकाम्या आवारात सराव झाला. वळताना ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून वळण रुंद घ्यावे लागते. मागे घेताना सुकाणूच्या खालच्या कडेला हात ठेवून, ट्रेलर ज्या दिशेला जायला हवा त्याच दिशेला हात न्यायचा, इतके सोपे सूत्र, परंतु ते अंगवळणी पडेपर्यंत मुलगी बाहेर उभी राहून खुणा करीत होती. नंतर ट्रकांच्या थांब्यावर एक वजनकाटा आहे, तेथे आम्ही गेलो. तो काटा गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस यांचे वजन पृथक्‌पणे दाखवतो. कागदावर जे मांडले होते, ते लोखंडावर ताडून पाहण्याची ही रीत मला अत्यंत प्रामाणिक वाटली. पावती हाती आली, सर्व आकडे हद्दीच्या आत होते, आणि तेव्हाच कुठे आम्ही इंडियानाच्या टोल-रस्त्याला लागलो.

त्या रस्त्यावर कर आसांच्या संख्येवर घेतला जातो; मागे घर जोडले, की दोन आसांच्या गाडीचे तीन आस होतात, आणि कर त्यानुसार वाढतो. तो भरताना मला नाणेघाटातला रांजण आठवला. रस्त्यावर जो अधिक भार आणील, त्याने अधिक द्यावे, हा राजस्व-विचार फार जुना आणि फार न्याय्य आहे. इंडियानाचा प्रदेश सपाट असल्यामुळे तेथे घाटाची चिंता नव्हती. चिंता होती ती वाऱ्याची. लांब मालमोटार शेजारून वेगाने पुढे गेली, की तिच्या तोंडाशी दाटलेली हवा ट्रेलरला प्रथम बाजूला ढकलते आणि पुढच्याच क्षणी तिच्या शेपटाकडे ओढून घेते. अशा वेळी घाबरून पायाने जोरात ब्रेक दाबणे, किंवा वेग वाढवून सरळ होण्याचा प्रयत्न करणे, दोन्ही घातक. सुकाणू स्थिर धरावे, वेगाची कळ सोडावी, आणि डाव्या हाताशी असलेल्या लहानशा खटक्याने केवळ ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत, म्हणजे मागचे घर गाडीला मागे खेचून धरते आणि रांग सरळ होते. जावयांनी एकदा तसे केलेले मी पाहिले. गाडीत बोलणे थांबले होते, आणि अर्ध्या मिनिटात सर्व काही पूर्ववत झाले. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. आम्ही त्याहूनही संथ चाललो, आणि मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देण्यात कोणताही कमीपणा मानला नाही. थांबण्यासाठी लागणारे अंतर मागच्या ओझ्याने इतके वाढते, की वेग हा मुख्यतः थांबण्याचाच प्रश्न होऊन बसतो, आणि जो ओढू शकतो परंतु थांबवू शकत नाही, त्याच्या सामर्थ्याला गुण म्हणता येत नाही.

मुक्काम होता मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावरील वाळूच्या टेकड्यांत. या प्रदेशाला २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आहे. चाकांखाली पाचरी घातल्या, कोपऱ्यांचे पाय खाली सोडले, आणि दहा पावलांच्या त्या घरात माझ्या पत्नीने भाजणी भिजवली. झाडांपलीकडून शिकागो ते साउथ बेंड धावणारी विजेची गाडी अधूनमधून कर्णा वाजवीत जात असे, आणि कसारा लोकलच्या सोबतीने आयुष्य काढलेल्या मला त्या आवाजाने झोप अधिकच गाढ लागली. सकाळी सरोवरावर मुले पोहली, आम्ही वाळूत बसलो. याहून अधिक त्या मुक्कामाविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि काही न घडणे हीच त्या घराची सर्वांत मोठी देणगी होती.

आंबिवलीला परतल्यावर अनेकांनी मला विचारले, की असे घर आपल्याकडे आणता येईल काय. कायद्याची आडकाठी नाही. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर परिवहनेतर वाहनांत गणला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी होते, आणि ज्या गाडीने तो ओढला जात असेल तिचा क्रमांकही ट्रेलरवर झळकावा लागतो. तेव्हा कल्याणच्या दप्तरात एम.एच. ०५ या अक्षरांखाली असे बिऱ्हाड नोंदले जाणे अशक्य नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. परंतु शहाडच्या पुलावरून, मुरबाडच्या बाजारपेठेतून आणि माळशेजच्या वळणांवरून ते घर नेण्याची कल्पना मी करतो, तेव्हा चढापेक्षा उताराचीच काळजी मला अधिक वाटते. जुन्नरकडून खाली कोकणात उतरताना मागचे घर गाडीला पुढे ढकलीत राहील. पावसाळ्यात रस्त्यावर दरड आलेली असेल. आणि पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ते तापून ऐनवेळी दगा देतील. उतार लागण्याआधीच खालचा गिअर घालणे, आणि घाटमाथ्यावर सर्व जोड तपासण्यासाठी रस्त्याच्या बाहेर प्रशस्त जागा असणे, या दोन गोष्टींवाचून ते धोरण कागदावरच राहील. निवासाच्या जागा उभारण्याइतकेच महत्त्व अशा थांब्यांना मिळावे, अशी माझी मनःपूर्वक शिफारस आहे.

आणि हे लिहीत असताना एक गोष्ट मला राहून राहून अस्वस्थ करते. आपल्या महाराष्ट्रात संसार चाकांवर घालून निघणारी हजारो कुटुंबे आजही आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांत बसून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या ट्रॉलीत कोप्यांसाठी बांबू आणि ताडपत्री असते, पत्र्याच्या पेट्या असतात, ज्वारीची पोती असतात, कोंबड्या असतात, आणि वर अंगावर चादर ओढून मुले झोपलेली असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्यांना परतण्याची मुभा नसते. माझ्या नातवंडांसाठी आम्ही साखळ्या छेद देऊन बांधल्या, दांड्याचा भार मोजला, सुटल्यास आपोआप थांबण्याची तजवीज केली. या मुलांच्या ट्रॉल्यांपैकी अनेकींना स्वतःचे ब्रेकही नसतात, आणि मागे साधा लाल दिवा नसतो. अंधाऱ्या रस्त्यावर अशा ट्रॉल्यांवर येऊन आदळलेल्या वाहनांच्या बातम्या दर हंगामात आपण वाचतो. एक ट्रॅक्टर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो, आणि त्या कोण कशा थांबवणार, हे कोणी विचारीत नाही.

प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. तेथे दर खेपेला उसाने भरलेली ट्रॉली उभी राहते, आणि तिचे वजन नोंदले जाते, कारण त्यावर उसाचे पैसे ठरतात. त्याच काट्यावर त्या ट्रॉलीच्या आसाची मर्यादा किती, तिला ब्रेक आहेत काय, मागचा दिवा लागतो काय, जोडाला साखळी आहे काय, एवढे चार प्रश्न विचारून उत्तर नोंदवले जावे. ज्या ट्रॉल्यांतून माणसे आणायची, त्यांची ही तपासणी तर त्या गावातून निघण्यापूर्वी, कारखान्याच्या खर्चाने झाली पाहिजे. गळीत हंगाम सुरू होण्याआधीचा पंधरवडा या कामाला पुरेसा आहे.